पानी गोड हाय

मला नसत्या चौकशा करायची खोड आहे. बायको म्हणते, तुम्ही केमिस्ट झालात ते बरं झालं, दुसरीकडे कुठं असतात तर लोकांनी बदडून काढलं असतं. दिसलं की तपासायचं, कळलं नाही की विचारायचं, सांगितलं नाही तर पिच्छा पुरवायचा. अशा माझ्यासारख्या माणसाला एका माणसाचं एक साधं वाक्य पाच हंगाम छळत राहिलं. वाक्य तीनच शब्दांचं होतं. "पानी गोड हाय."

हे वाक्य बिरातात्यांचं. मस्टरवर नाव बिरदेव सोमा, हुद्दा पॅनमन, राहणार कळस, तालुका इंदापूर. बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या एका साखर कारखान्यात मी नव्वदीच्या सुरुवातीला लॅबमध्ये लागलो, तेव्हा तात्या तिथे मुरलेले होते. पॅनमन म्हणजे काय ते आधी सांगतो. उसाचा रस आटवून घट्ट झाला की तो पॅनमध्ये येतो. पॅन म्हणजे दुमजली घराएवढं बंद भांडं. त्यात तो वाफेवर शिजतो आणि साखरेचे दाणे धरायला लागतात. दाणे कधी धरायचे, किती वाढू द्यायचे आणि माल खाली कधी सोडायचा, हे ठरवणारा माणूस म्हणजे पॅनमन. त्याची नजर चुकली की शेकडो पोत्यांचा माल बिघडतो. कारखान्यात साहेब ढीगभर असतात, पण चांगले पॅनमन हाताच्या बोटांवर मोजावे लागतात.

माझा तिसरा-चौथा दिवस असेल. तात्या नमुना घेऊन लॅबमध्ये आले. उंच, काटक, चाळिशीचे, खाकी पँट, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला आणि कानात बारीक बाळी. मी माठातलं पाणी दिलं. त्यांनी पेला वर धरून, ओठाला न लावता सगळं पाणी घशात ओतलं, पेला टेबलावर न ठेवता माझ्याच हातात परत दिला आणि म्हणाले, "पानी गोड हाय."

आता गंमत अशी की त्याच सकाळी मी ते पाणी तपासलं होतं. कालव्याच्या त्या पट्ट्यात वर्षानुवर्षं उसाला पाणी पाजून जमिनी खारवलेल्या, त्यामुळे कॉलनीच्या बोअरचं पाणी एकदम मचूळ. त्यात डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही. मी मूळचा सुप्याचा, जिरायती गावचा माणूस. पाण्याची चव आम्हाला कुणी शिकवावी लागत नाही. मी नवा होतो, अंगात विद्या सळसळत होती. मी तात्यांना त्या पाण्याचा सगळा दोष उभ्या उभ्या वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं यंत्र बरूबर आसंल, सायेब. आमी आपलं तोंडानं पेतो."

त्यानंतर माझं लक्षच लागून राहिलं. कँटीनमध्ये, गेटवर, वर्कशॉपमध्ये, कुणीही पाणी देवो, तात्यांचं ठरलेलं. पेला देणाऱ्याच्या हातात परत द्यायचा आणि ते वाक्य म्हणायचं. मी चौकशी सुरू केली. स्टोअरचा कारकून म्हणाला, साखर चाखून चाखून त्याची जीभ मेलीय. गेटवरचा वॉचमन म्हणाला, बिरोबाला नवस केलाय, पाण्याला नावं ठेवायची नाहीत. कँटीनवाला म्हणाला, काही नाही हो, गोड बोलून दुसरा पेला उपटायची युक्ती आहे. मला एकही उत्तर पटलं नाही. मग मी एक वाह्यातपणा केला. एक दिवस त्यांच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकलं. तात्या प्याले. थांबले. माझ्याकडे बघितलं. "पानी गोड हाय," म्हणाले, "मीठ मातूर जरा जादा पडलं." आणि पेला माझ्या हातात देऊन निघून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांच्या घराण्यात पूर्वी मेंढरं होती. वडिलांपर्यंत मोठा कळप, मग तो मोडला, थोडी शेती राहिली आणि तात्या कारखान्याला लागले. पण बोलण्यातून मेंढरं काही गेली नव्हती. साखरेच्या दाण्याला ते दाणा म्हणायचेच नाहीत. पॅनमधून काढलेला पातळ थर काचेवर पसरून उजेडाला धरायचे, मग अंगठा आणि बोटात चोळायचे आणि म्हणायचे, "कोकरं एका वयाची हायती. वाडूंदे." एखादे दिवशी म्हणायचे, "गडबड हाय, पाठीमागनं नवी जन्मल्यात."

एका हंगामात पुण्याहून एक इंजिनियर आला. नवं मीटर बसवायचं होतं, म्हणजे म्हणे पॅनमनला काचेवर बघावंच लागणार नाही, सुईवर सगळं कळेल. मीटर बसलं, सुई हलली, इंजिनियर म्हणाला, माल तयार आहे, सोडा. तात्या नुसते पॅनच्या पत्र्याला तळहात लावून उभे. म्हणाले, नवी कोकरं आल्यात, आता सोडलं तर सगळा माल खालच्या गाळायच्या जाळीत अडकंल. इंजिनियर हसला. वर्क्स मॅनेजरांनी मला भिंगाखाली बघायला सांगितलं. मी बघितलं, तर मोठ्या दाण्यांच्या मध्ये धुळीसारखे बारीक दाणे, नुकतेच धरलेले. साध्या डोळ्यांना ते दिसणं शक्यच नव्हतं. तात्यांनी पॅनमध्ये थोडं पाणी घेतलं, वाफ वाढवली, ते बारीक दाणे विरघळवले आणि तासाभराने माल सोडला. साखर अशी उतरली की इंजिनियरने मूठभर कागदात बांधून नेली. दुसऱ्या दिवशी तो तात्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसला होता आणि वहीत काहीतरी लिहून घेत होता.

एवढा हात असलेला माणूस, पण कारखान्यात वर चढायचं नाव काढत नव्हता. हेड पॅनमनची जागा दोनदा रिकामी झाली. दोन्ही वेळा साहेबांनी बोलावून विचारलं. तात्यांनी उलट विचारलं, "हेड झाल्यावर सांजचं घरी जाता येतं का?" साहेब म्हणाले, हेड पॅनमनला कॉलनीत राहावं लागतं, कधीही बोलावणं येतं, तुम्हाला क्वार्टर देऊ. तात्या म्हणाले, मग राहूद्या. आणि त्यांच्या हाताखाली शिकलेला एकजण हेड झाला. तात्या त्याला 'साहेब' म्हणायला लागले, त्यालाच कसंतरी व्हायचं.

दुसरी गोष्ट पाळ्यांची. गाळप सुरू असलं की कारखाना चोवीस तास चालतो. सकाळी आठ ते चार, चार ते रात्री बारा, बारा ते सकाळी आठ. सगळ्यांचा जीव रात्रपाळीला जातो. तात्या मात्र आपली संध्याकाळची पाळी कुणालातरी देऊन टाकायचे आणि त्याची रात्रपाळी आपण घ्यायचे. हंगामभर, दरवर्षी. लोकांना ती सोय झाली, म्हणून कुणी कारण विचारलं नाही. मी विचारलं. तात्या म्हणाले, "सांजच्याला पोरं घरी आसत्यात."

मी म्हटलं, पोरं सकाळीही घरी असतात की. ते म्हणाले, "सकाळच्याला ती शाळंला पळत्यात. सांजचं बसत्यात."

मला हे उत्तर फार अपुरं वाटलं. शेवटी मी त्यांच्या घरीच धडकलो. कळसला त्यांचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. बायको शेवंताकाकू, थोरली सुरेखा तेव्हा दहावीत आणि तिच्या पाठचे दोघे भाऊ. तात्या रानातून सायकलवरून आले, ओट्याच्या कडेला बसले. सुरेखा तांब्या घेऊन बाहेर आली. ते प्याले, तांब्या तिच्या हातात दिला, म्हणाले, "पानी गोड हाय." ती म्हणाली, "खारं हाय, तात्या," आणि आत गेली. हे त्यांचं रोजचं असणार, कारण दोघांपैकी कुणालाच त्यात विशेष वाटलं नाही. मी पाणी पिऊन बघितलं. पोरगी बरोबर होती.

जेवणाचीही एक रीत होती. सगळ्यांची ताटं मांडल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. तव्यावरची पहिली भाकरी तात्यांच्या हातात यायची. ते ती मोडून प्रत्येकाच्या ताटात एकेक तुकडा ठेवायचे, त्या दिवशी माझ्याही. मग जेवण. तात्या फार बोलत नव्हते. धाकटा शाळेतल्या मारामारीचं सांगत होता, मधला त्याला खोटं पाडत होता, सुरेखा दोघांना गप्प करत होती आणि तात्या ज्याच्या बोलण्याची पाळी असेल त्याच्या तोंडाकडे बघत होते. पॅनच्या काचेकडे बघतात तसं. जेवण झालं, पोरं पांगली. तात्या घटकाभर आडवे झाले आणि मग रात्रपाळीला सायकलवर कारखान्याकडे निघाले. मला तेव्हा माणूस थोडा वेडा आहे असंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग ती आफ्रिकेची गोष्ट आली. टांझानियातल्या एका साखर कारखान्याला इकडची माणसं हवी होती. पुण्यातला एक एजंट फिरत होता. त्या मीटरवाल्या इंजिनियरने तात्यांचं नाव सांगितलं असावं. तीन वर्षांचा करार, पगार इथल्या कितीतरी पट, राहायला बंगला. पण बायकापोरांना नेता येणार नव्हतं. एजंट लॅबमध्ये बसून तात्यांची वाट बघत होता आणि जाता जाता मलाही म्हणाला, तुमच्यासारखा केमिस्टही हवाय. मी त्याच आठवड्यात पासपोर्टचा फॉर्म भरला. तात्या मात्र एजंटला चहा पाजून, नको म्हणून मोकळे झाले.

नेमकी ती वेळ अशी होती की सुरेखा बारावी झाली होती. मार्क चांगले होते, पण सरकारी इंजिनियरिंग कॉलेजला थोडक्यात हुकली. पुण्यातल्या खासगी कॉलेजात जागा होती, तिथे डोनेशन लागणार होतं आणि ते तात्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. एजंटची गोष्ट कारखान्यातून कळसला पोचायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. पोरीला कळलं की बापाने हो म्हटलं असतं तर आपण पुण्याला गेलो असतो. ती भांडली नाही. रडलीही नाही, असं काकू सांगत होत्या. तिने फक्त एक केलं. संध्याकाळी तात्या आले की तांब्या घेऊन बाहेर यायचं बंद केलं.

मला हे कळलं ते तात्यांच्या तोंडून नव्हे. त्यांच्यात एवढाच फरक दिसला की नमुना बोटात चोळताना ते जास्त वेळ चोळायला लागले. एकदा दिवसपाळीला पॅनच्या मजल्यावर आम्ही दोघंच होतो. माल शिजायला अजून दोन तास होते. मी त्यांना पाणी दिलं. ते प्याले, पेला माझ्या हातात दिला आणि प्रथमच काही बोलले नाहीत. मी म्हटलं, तात्या, आज पाणी गोड नाही का? पॅनच्या काचेतून आत बघतच त्यांनी सांगितलं.

"मी आसंन पाच-सा वर्सांचा. आई रानात गेल्याली, आजी निजल्याली. उंबऱ्यात मी एकलाच. एक मानूस आला. दाडी वाडल्याली, खांद्याव घोंगडं, पाय चिखलानं भरल्यालं. माज्याकडं बगत हुबा ऱ्हायला. आईनं शिकवल्यालं, दारात कोन बी आलं तरी पानी द्यायचं. मी तांब्या भरून दिला. प्याला. मग म्हनला, बा कुठं हाय रं तुजा? म्या म्हनलं, मेंढरं घिऊन कोकनात गेलाय. कवा येनार? म्या म्हनलं, आई म्हनती, यील. त्यो कायबी बोलला न्हाय. तांब्या माज्या हातात दिला आन् म्हनला, बा आला की सांग त्येला, पानी गोड हाय. आन् जाऊन देवळाच्या पायरीवर बसला, आई येस्तवर."

तो माणूस म्हणजे त्यांचे वडीलच, हे मला विचारावं लागलं नाही.

दिवाळी झाली की त्यांचे वडील कळप घेऊन कोकणात उतरायचे आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचे. आठ महिने बाहेर. त्यांच्या भावकीत सगळ्याच बापांचं तसं होतं, त्यात नवल काही नव्हतं. वडील ती पाण्याची गोष्ट कळपातल्या माणसांना हसून सांगायचे. पण त्यानंतर दरवर्षी परत आले की ते सरळ घरात येत नसत. देवळाच्या पायरीवर लोकर कातत बसायचे. पोराला हाक मारायची नाही, खाऊ दाखवायचा नाही. पोरगं आपणहून तांब्या घेऊन येईल तेव्हा पाणी प्यायचं आणि मग घरी जायचं. कधी एका दिवसात यायचं, कधी आठ दिवस लागायचे. तात्या म्हणाले, "बापाची नीट वळख व्हयाची तवर दिवाळी यायची." तात्या बारा वर्षांचे असताना वडील कोकणातच वारले. घोंगडं तेवढं परत आलं.

मी म्हटलं, तात्या, हे सुरेखाला सांगा की. तिला कळेल. ते एकदम माझ्याकडे वळले. "न्हाय. तुमी बी घरी बोलू नगासा. पोरांना वाटंल, आपल्यापायी बाप आडाकला. ते वजं त्यांच्या डोसक्यावर कशाला? मला जायाचं न्हाय म्हनून मी जात न्हाय. रागावली तर रागवूंदे." आणि मला शब्द द्यायला लावला. मी दिला.

तात्यांचं बरोबर होतं असं मी तेव्हा म्हणालो नाही आणि आजही ठामपणे म्हणत नाही. सुरेखासारखी पोरगी पुण्याला गेली असती तर कुठल्या कुठे पोचली असती. शेवंताकाकूसुद्धा मला म्हणाल्या होत्या की माझ्या सासूनं जन्मभर वाट बघितली, मला त्याची हौस न्हाय, पर पोरीचं बी काय चुकलं? मला तर तात्यांचा रागच यायचा. देवाने एवढा हात दिलाय आणि हा माणूस तो एका जेवणासाठी घरी घेऊन बसतो.

पुढच्या मे महिन्यात गाळप बंद झालेलं होतं. माझं जायचं पक्कं झालं होतं. बायकोला सहावा महिना लागलेला, ती माहेरी सुप्याजवळ होती. एजंटचा निरोप आला, पॅनमनची जागा अजून आहे, एकदा बोलून बघा. मी स्कूटर काढून कळसला गेलो. तात्या वर्कशॉपमधून यायचे होते. सुरेखा ओट्यावर ज्वारी निवडत होती. तिने मला पाणी आणून दिलं. मी प्यालो आणि ती पुन्हा निवडायला बसली.

ती खाली बघतच म्हणाली, "सर, एक विचारू? तात्या खरंच येवढे हुशार हायत का? गावात म्हणत्यात, भ्यालाय. इंग्लिश येत न्हाय, इमानाला भ्यालाय."

ही मुलगी सतरा वर्षं त्या माणसाच्या शेजारी जेवली होती आणि तिला आपल्या बापाचा हात ठाऊक नव्हता, कारण तो घरी कारखान्याचं अवाक्षर काढत नव्हता. मी तिला इंजिनियरची गोष्ट सांगितली. पत्र्याला लावलेला तळहात, भिंगाखाली दिसलेले दाणे, दोनदा नाकारलेली हेडची जागा, बदलून घेतलेल्या रात्रपाळ्या, सगळं. तिचे हात थांबले. "मग का जात न्हाईत?" तिने विचारलं.

आणि मी शब्द मोडला. मोडायला नको होता. पण माझ्या जिभेला हाड नाही, आणि खरं सांगायचं तर त्या पोरीचं तोंड बघून मला राहवलं नाही. मी तिला देवळाच्या पायरीची गोष्ट सांगितली. तिने सूप उचललं आणि आत गेली.

थोड्या वेळाने तात्या आले. सायकल भिंतीला टेकवली, ओट्याच्या कडेला बसले. आतून काकू तांब्या घेऊन आल्या आणि त्यांच्याशेजारी ठेवून गेल्या. तात्यांनी त्याला हात लावला नाही. मी एजंटचा निरोप सांगितला. ते म्हणाले, "तुमी जावा, सायेब. तुमचं चांगलं व्हईल. माजं न्हाय जमायचं." मग माझ्या बायकोची चौकशी केली, कितवा महिना ते विचारलं, आणि मी उठलो तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "म्हागारी आल्याव लेकरानं वळाकलं न्हाय तर हाका मारू नगासा. जवळ जाऊन बसून ऱ्हावा. यील."

स्कूटर सुरू करून मी मागे बघितलं. तात्या ओट्यावर, शेजारी भरलेला तांब्या, आणि दाराच्या आत अंधार. कुणी बाहेर आलं नाही. मी तसाच निघालो.

टांझानियात मी तीन वर्षं काढली. बंगला होता, पगार चोख होता, पाणी बाटलीतलं होतं. तिथला पॅनमन मीटर बघून काम करायचा, बरा होता. संध्याकाळी बंगल्याच्या पायरीवर बसलो की मला घरची आठवण यायचीच, पण मधूनच तो भरलेला तांब्या डोळ्यांपुढे यायचा. मी सांगितलं ते बरं केलं की वाईट? पोरीच्या डोक्यावर ते ओझं मी टाकलं का? ती बाहेर आली का? सगळ्या जगाची चौकशी करणारा मी, पण हे पत्रात कुणाला विचारायचं धाडस मला झालं नाही.

परत आलो तेव्हा मुलगा पावणेतीन वर्षांचा होता. फोटोतला बाबा त्याला माहीत होता, दारातला नव्हता. तो आईच्या मागे लपला आणि बायको त्याला पुढे ढकलायला लागली, अरे बाबा आलेत बघ. मी तिला थांबवलं. बॅगेतली खेळणीही काढली नाहीत. पायरीवर जाऊन बसलो. सासुरवाडीची माणसं म्हणाली, परदेशातून येऊन माणूस विचित्र झालाय. चौथ्या दिवशी तो प्लॅस्टिकचा पेला घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. पेला रिकामाच होता. मी तो पिऊन त्याच्या हातात परत दिला, आणि पुढचा अर्धा तास तो मला रिकामं पाणी पाजत होता. माझे डोळे का वाहतायत ते त्याला कळलं नाही.

त्यानंतर तात्यांना मी एकदाच बघितलं. बारामतीहून इंदापूरला एस.टी.ने चाललो होतो. संध्याकाळची वेळ, गाडी भरलेली, मी मागच्या खिडकीत. कळसला वळणाऱ्या फाट्यावर गाडी थांबली. खाली सायकल धरून तात्या उभे. मिशी पांढरी झालेली, बाकी तसेच. मी खिडकीतून हाक मारली. त्यांनी वर बघितलं, ओळखलं, जवळ आले. आफ्रिका कशी, पगार किती, काही नाही. पहिला प्रश्न, "लेकरानं वळाकलं का?"

मी म्हटलं, "चार दिवस लागले, तात्या."

"चार म्हंजी लवकरच की," ते म्हणाले आणि मनापासून खूश झाले.

तेवढ्यात पुढच्या दाराने एक मुलगी उतरून आली. खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी. सुरेखाला मी एकदम ओळखलंच नाही. इतका वेळ ती माझ्याच गाडीत पुढे बसलेली असणार. बी.एस्सी. झाली होती आणि बारामतीला एका डेअरीच्या लॅबमध्ये दूध तपासत होती. "सर, तुमच्याच लाइनीला आले," म्हणाली. पुण्याचं तिच्या मनातून गेलं होतं की नाही, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही, आणि विचारायला वेळही नव्हता. कंडक्टरने बेल मारली.

गाडी हलली. मी खिडकीतून मान बाहेर काढून मागे बघत राहिलो. सुरेखाने पिशवी सायकलच्या हँडलला अडकवली. मग पर्समधून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि तात्यांच्या पुढे धरली. दिवसभर डेअरीत, मग एस.टी.त तापलेलं ते पाणी. तात्यांनी बाटली वर धरली, ओठाला न लावता प्याले, आणि तिच्या हातात परत दिली. काहीतरी म्हणाले. एवढ्या लांबून ऐकू येणं शक्यच नव्हतं. सुरेखाने मान हलवून काहीतरी उत्तर दिलं, आणि दोघंही हसत सायकल घेऊन कळसच्या रस्त्याला वळले.